तीच प्रत

माझ्या थोरल्या भावाने सार्वजनिक वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीतून एकच पुस्तक सलग तीन वर्षे विकत आणले. एकच म्हणजे एकाच नावाचे नव्हे, तीच प्रत. पुस्तक मधमाश्या पाळण्याविषयी होते. पहिल्या वर्षी ते घरी आले त्याच संध्याकाळी त्याच्या पुठ्ठ्यावर टिंक्चर आयोडीनची बाटली कलंडली आणि बशीएवढा तपकिरी डाग पडला. दुसऱ्या वर्षी आलेल्या पुस्तकावर तो डाग होता. तिसऱ्या वर्षी आलेल्या पुस्तकावरही तो होता.

दादाचे औषधांचे दुकान आहे. ते त्याने अडतीस वर्षे चालवले आहे आणि दुकानाइतकाच जुना त्याचा दुसरा नाद म्हणजे स्वस्तातली पुस्तके. वाचनाचाही नाद आहे, पण तो मागाहून येतो. पुस्तक किती पानांचे, बांधणी कशी, छापील किंमत काय आणि आपण दिली काय, हे सगळे सांगून झाल्यावरच ते कशाविषयी आहे याकडे तो वळतो. वर्षभर गिऱ्हाइकांना सूट द्यावी लागते, ती मी तीन दिवसांत वसूल करतो, असे तो म्हणतो. वहिनी म्हणते की ती वसुली झाडून-पुसून ठेवायला मात्र तिला लागते. म्हणून तिने नियम घातला आहे: जितकी पुस्तके घरात येतील तितकी वर्षभरात बाहेर गेली पाहिजेत. ती वाचनालयालाच दान जातात आणि पुढच्या विक्रीपर्यंत तिथल्या कोठीत पडून राहतात. दान घेणारी खिडकी वेगळी आहे. तिथे पुस्तके मोजून पेट्यांत टाकतात, त्यापलीकडे कोणी पाहत नाही.

विक्रीची पद्धत नीट सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. विक्री तीन दिवस चालते. पहिल्या दिवशी पुस्तकावर लिहिलेला पुरता भाव द्यावा लागतो, दुसऱ्या दिवशी निम्मा. तिसऱ्या दिवशी दुपारी बारानंतर खोक्याचा भाव लागतो, म्हणजे एका खोक्यात मावतील तितकी पुस्तके एका ठरलेल्या किमतीत. जे तोवर थांबायला तयार असतात त्यांच्यासाठी तिथे एक जुनी सोय आहे. पहिल्या दोन दिवसांत हवे ते पुस्तक निवडायचे, आपल्या नावाची चिठ्ठी बोटभर वर दिसेल अशी त्यात घालायची आणि पुस्तक टेबलावरच सोडून द्यायचे. मधल्या काळात कोणी जास्त भाव देऊन ते उचलले, तर तो त्याचा हक्क. जी उरतात ती वाचनालयाचे स्वयंसेवक ज्याच्या त्याच्या नावाच्या खोक्यात भरतात, चिठ्ठ्या मुडपू नयेत म्हणून आत सारतात आणि खोके सुतळीने बांधून ठेवतात. चिठ्ठीचा अर्थ एवढाच: हे मला हवे आहे, पण या भावात नको.

दादा चिठ्ठ्या म्हणून दुकानातलेच कागद वापरतो. गोळ्या दिवसातून किती वेळा घ्यायच्या ते लिहून देण्यासाठी त्याने दुकानाचे नाव, पत्ता आणि फोन छापलेल्या लहान चिठ्ठ्यांचे गठ्ठे करून घेतले आहेत. दरवर्षी तो वीस-पंचवीस पुस्तकांत त्या घालतो आणि तिसऱ्या दिवशी बांधलेले खोके न उघडता घरी आणतो. खोक्यात नेमके काय असेल हे त्यालाही ठाऊक नसते. मजा त्यातच आहे असे त्याचे मत.

दुसऱ्या वर्षी खोक्यातून डागाचे पुस्तक निघाले तेव्हा सगळे हसले. दादाही हसला. “ठेवली असेल चिठ्ठी,” तो म्हणाला. “आठवत नाही, पण स्वस्त होतं ना.” तिसऱ्या वर्षी ते निघाले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “आठवत नाही.” खोके उघडताना माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, समोर होती. ती मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे आणि माणसाच्या तोंडून ‘आठवत नाही’ हे शब्द कशा स्वरात निघतात याकडे तिचे लक्ष असते.

त्या दिवसापासून घरातल्या माणसांची दादाकडे पाहण्याची रीत बदलली. छत्री विसरणे, चष्मा डोक्यावर ठेवून शोधणे, एका शेजाऱ्याला दुसऱ्याच्या नावाने हाक मारणे, हे सगळे तो तीस वर्षांचा असल्यापासून करत आला आहे. आता त्याची नोंद होऊ लागली. नोंद होऊ लागली म्हणजे संख्या वाढल्यासारखी वाटते. हे मी भाचीला सांगितले. मी सारी नोकरी वजनेमापे तपासण्याच्या प्रयोगशाळेत केली आहे आणि आधी निष्कर्ष काढून मग काटा पाहणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

ती शांतपणे म्हणाली, “आत्या, तू पुरावा जमेपर्यंत थांबशील. माझ्याकडे पुरावा येतो तो चुकीची गोळी घेतलेल्या माणसाच्या रूपात.”

 

दादाला डॉक्टरकडे नेले. डॉक्टरने शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. गोळ्यांच्या पट्ट्या मोजण्यात हयात गेलेल्या माणसाने ते भराभर केले आणि शून्याच्या खाली जायचे का असे विचारले. वयाच्या मानाने सगळे ठीक आहे, असे डॉक्टर म्हणाला. या वाक्याने कोणाचेच समाधान होत नाही. ज्याला ‘ठीक आहे’ ऐकायचे असते तो ‘वयाच्या मानाने’ ऐकतो.

खरा परिणाम दुकानात दिसू लागला. दादा प्रत्येक औषध तीनदा तपासू लागला. मग त्याने वहिनीला शेजारी बसवले आणि डॉक्टरची चिठ्ठी तिच्याकडून मोठ्याने वाचून घेऊ लागला. तिला ते अक्षर लागत नसे, ती अडखळली की तो घाबरे, आणि तो घाबरला की ती अधिक अडखळे. रांग वाढू लागली. एकदा वीस वर्षांच्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला त्याने साध्या रक्तदाबाच्या गोळ्या न देता संध्याकाळी या म्हणून परत पाठवले, कारण त्या क्षणी त्याला स्वतःच्या हाताचा भरवसा वाटेना. मी त्या वेळी दुकानात होते. गिऱ्हाईक गेल्यावर तो कपाटाकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला. गोळ्यांचे पाकीट त्याने काढले होते आणि ते बरोबर होते.

दुकान विकत घ्यायला एक माणूस तयार होता. भाची घाई करत नव्हती, पण विषय सोडतही नव्हती. शेवटी दादानेच तो मिटवला. यंदाच्या विक्रीच्या आठ महिने आधी ते पुस्तक घेऊन तो वाचनालयात गेला. साक्षीदार म्हणून त्याने मला सोबत नेले. दानाच्या खिडकीत त्याने ते माझ्यासमोर दिले आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितले, “ते पुस्तक मी दिलंय, हे मला माहीत आहे. आता ते पुन्हा माझ्या खोक्यात आलं, तर दुकानाची किल्ली तुमची. मी भांडणार नाही.”

विक्रीच्या पहिल्या दिवशी सकाळी मी वही घेऊन त्याच्याबरोबर गेले. विक्री वाचनालयाच्या तळमजल्यावरच्या दोन मोठ्या जोडखोल्यांत भरते. दार उघडण्याआधी तासभर रांग लागते आणि रांगेत कोणी कोणाला आपण काय शोधतो आहोत ते सांगत नाही. आत गेल्यावर माणसे पहिल्या टेबलापाशी थांबत नाहीत, कारण तिथे सगळे थांबतील असे प्रत्येकाला वाटते. परिणामी पहिले टेबल दुपारपर्यंत सर्वांत मोकळे असते. दादा नेहमी तिथूनच सुरुवात करतो. तो पुस्तक उचलतो, कण्यावरून अंगठा फिरवतो, भाव पाहतो, दुःखी चेहरा करतो, चिठ्ठी घालतो आणि ते पुस्तक ढिगात अशा जागी सारतो की चिठ्ठी नियमाप्रमाणे दिसावी पण पुस्तक दिसू नये. मी हे लबाडीचे आहे असे म्हटले. तो म्हणाला, “नियमात चिठ्ठीबद्दल लिहिलंय. पुस्तकाबद्दल काही नाही.”

त्या दोन दिवसांत त्याने तेवीस पुस्तकांत चिठ्ठ्या घातल्या. प्रत्येकाचे नाव आणि टेबलाचा क्रमांक मी लिहून घेतला. मधमाश्यांचे पुस्तक सातव्या टेबलावर पडलेले मला पहिल्याच दिवशी दिसले. दादालाही दिसले. त्याने हात मागे बांधले आणि तो त्या टेबलावरून तसाच पुढे गेला. दुसऱ्या दिवशी तो सातव्या टेबलाच्या बाजूला फिरकलाच नाही, निदान माझ्यादेखत नाही. हे ‘माझ्यादेखत’ महत्त्वाचे आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा प्यायला बाहेर गेले होते. घड्याळाप्रमाणे अकरा मिनिटे.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाची रात्रपाळी संपवून, न झोपताच आली. दादाने खोक्याचा भाव दिला आणि नेहमीची रीत मोडून ते तिथेच, कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलावर, उघडायला सांगितले. भाचीने सुतळी सोडली. मी वही काढली. तेवीसपैकी आठ पुस्तके दरम्यान इतरांनी उचलली होती, कोणती गेली ते मी खोकी भरण्याआधी टेबलांवर फिरून ताडून पाहिले होते. म्हणजे खोक्यात पंधरा असायला हवी होती. भाची एकेक बाहेर काढून नाव वाचत होती आणि मी खूण करत होते. वरून चौथे मधमाश्यांचे होते. तिने ते नाव वाचले नाही. टेबलावर ठेवले आणि पुढचे उचलले.

सगळी मिळून अठरा भरली. वहीत नसलेली तीन होती: मधमाश्यांचे, लेथ यंत्रावर सुटे भाग कसे घडवावेत याविषयीचे एक, आणि एका नकाशासंग्रहाची नुसती सूची, जिचा मूळ संग्रह कुठेच नव्हता.

दादाने खिशातून दुकानाची किल्ली काढून डागाच्या शेजारी ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते. अनेक दिवस ज्या निकालाची वाट पाहिली तो लागल्यावर माणूस दिसतो तसा तो दिसत होता.

भाचीने किल्लीला हात लावला नाही. तिने माझ्याकडे पाहिले. “आत्या, तू सतत बरोबर होतीस ना?”

मी अकरा मिनिटांची गोष्ट सांगितली. सांगणे जिवावर आले, पण नोंद अपुरी असेल तर ती अपुरी आहे असे म्हणावे लागते.

“अकरा मिनिटांत तीन पुस्तकं होतात माझी,” दादा म्हणाला. “तुला माझा वेग माहीत आहे.” तो स्वतःविरुद्ध साक्ष देत होता आणि तीही प्रामाणिकपणे.

तेव्हा मी ते पुस्तक उघडले. इथे एक कबुली द्यायला हवी. चार वर्षांत त्या पुस्तकाचा डाग आम्ही सर्वांनी पाहिला होता, मी तर त्याचा व्यासही मोजला होता. पुस्तक उघडलेले कोणीच नव्हते. दादा स्वस्त म्हणून आणलेले सगळेच वाचतो असे नाही आणि बाकीच्यांना मधमाश्यांत रस नव्हता. आम्ही तपासत होतो ते दादाला.

चिठ्ठी शेचाळीस आणि सत्तेचाळीस या पानांच्या मध्ये होती, आत सारलेली. दादाच्या दुकानाचीच. मी ती काढली आणि त्याला दाखवली. त्याने नाव पाहिले, मान हलवली, मग चष्मा डोळ्यांजवळ ओढून चिठ्ठी पुन्हा हातात घेतली.

“हा जुना फोन आहे,” तो म्हणाला.

दुकानाचा फोन दोन वर्षांपूर्वी बदलला. तेव्हा नवे गठ्ठे छापून घेतले आणि जुने वहिनीने त्याच दिवशी रद्दीत दिले. उरलेल्या पंधरा पुस्तकांतल्या चिठ्ठ्या मी पाहिल्या: पंधराही नव्या फोनच्या. लेथच्या पुस्तकातली जुन्या फोनची. सूचीतलीही जुन्या फोनची.

भाचीला एवढे पुरेसे नव्हते, आणि ते योग्यच होते. एखादी जुनी चिठ्ठी कोटाच्या खिशात राहिलेली असू शकते, ती म्हणाली. त्यावर मी तिला पाने दाखवली. शेचाळीस आणि सत्तेचाळीस या दोन्ही पानांवर, चिठ्ठी जिथे होती नेमकी तिथे, चिठ्ठीच्याच मापाचा फिकट तपकिरी पट्टा उमटला होता. हलक्या कागदात आम्ल असते आणि ते लगतच्या पानात हळूहळू उतरते. त्याला वर्षे लागतात. अकरा मिनिटांत तो उमटत नाही. इतर दोन पुस्तकांतही तसेच पट्टे होते, सूचीत सर्वांत गडद.

म्हणजे चिठ्ठ्या आतच होत्या. पण आत असलेली चिठ्ठी कोणाला दिसत नाही, आणि जी दिसत नाही तिच्यामुळे पुस्तक खोक्यात जात नाही. एक पायरी अजून राहिली होती. खोकी भरण्याचे काम ज्या बाई पाहतात त्यांना मी बोलावले. त्यांनी याच वाचनालयात तीस वर्षे पुस्तकबांधणी केली, आता निवृत्त आहेत आणि सगळे त्यांना बांधणीबाई म्हणतात. त्या हात पुसत आल्या.

हे पुस्तक दादांच्या खोक्यात कसे आले, असे मी विचारले. चिठ्ठी होती म्हणून, त्या म्हणाल्या. चिठ्ठी वर दिसत होती का, असे विचारल्यावर त्या थोड्या दुखावल्या.

“वर कशी दिसेल? लोक धड घालतात का? घालतात, आणि पुढचा माणूस पुस्तक हाताळतो, की सरकली आत. मग खोकं उघडून आमच्याच नावानं ओरडतात. एकानं तर तक्रार लिहून दिली होती. तेव्हापासून मी विक्रीच्या पहिल्या दोन्ही संध्याकाळी प्रत्येक टेबलावरचं एकूण एक पुस्तक चाळते. आत गेलेली चिठ्ठी सापडली, की वर ओढून ठेवते.”

“प्रत्येक पुस्तक?”

“एकूण एक. एकवीस टेबलं.”

भाचीने विचारले, “आणि हे पुस्तक तुम्ही आधीही यांच्या खोक्यात घातलंय?”

“मधमाश्यांचं ना? दरवर्षी घेतात ते. मला वाटलं, पाळायच्या असतील.” त्यांनी दादाकडे पाहिले. “अजून नाही पाळल्या का?”

दादा खुर्चीवर बसला. मग म्हणाला की लेथचे पुस्तकही दोनदा आले असावे, पण त्यावर डाग नसल्यामुळे त्याला नवेच वाटले असावे. आणि सूची आपण कधी का निवडली असेल, याचे मात्र काहीही स्पष्टीकरण आपल्याजवळ नाही.

दरवर्षी एकाच माणसाने तेच पुस्तक घ्यावे याचे नवल वाटले नाही का, असे मी बांधणीबाईंना विचारले. लोक काय घेतात याचे नवल करत बसले तर टेबले कोण आवरणार, असे म्हणून त्या आवरायला गेल्या.

भाचीने किल्ली उचलली, दादाच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटे मिटली. “चारला उघडतोस ना? मी तोवर झोपते. आईला म्हणावं, आजपासून डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचायच्या नाहीत.”

दादाची स्मरणशक्ती उत्तम आहे असे यावरून सिद्ध होत नाही. छत्री तो त्या दिवशीही वाचनालयात विसरला. सिद्ध झाले ते एवढेच. मधमाश्यांचे पुस्तक दादाने पहिल्या वर्षी एकदाच निवडले. खोके भरताना चिठ्ठी आत सारली गेली. पुस्तक वाचले गेले नाही, म्हणून ती आतच राहिली आणि पुस्तकाबरोबर दानात गेली. पुढच्या प्रत्येक विक्रीत पुस्तके चाळताना बांधणीबाईंना ती सापडली, ती आत सरकली असावी असे समजून त्यांनी ती वर ओढली, आणि तिच्यावर दादाच्या दुकानाचे नाव असल्यामुळे पुस्तक दादाच्या खोक्यात गेले.